चोवीस खोल्यांतून फिरलेला चोर

मी आयुष्यात एकच रहस्यकादंबरी लिहिली आणि तिच्यातला चोर मला शेवटपर्यंत माहीत नव्हता. म्हणजे लिहिताना होता. वाचकांनी नंतर तो बदलला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आमच्या गिरगावातल्या चाळीचं एक हस्तलिखित निघायचं. प्रत एकच. ती खोली नंबर एकपासून निघे, प्रत्येक बिऱ्हाडात एक दिवस मुक्काम करी आणि चोवीस नंबरला पोचली की संपादकांकडे परत येई. त्या वर्षीच्या विशेषांकात मी ‘छोट्या गावातली रहस्यकादंबरी’ द्यायचं कबूल केलं. कल्याणच्या पुढे मी कधी गेलो नव्हतो, ही अडचण तेव्हा मला अडचण वाटली नाही. परिणामी माझ्या गावातल्या नदीला पहाटे साडेचार ते साडेसहा एवढंच पाणी येई आणि बायका तिथे बादल्यांचा नंबर लावीत.

कथानक असं : गावात सीमाप्रश्नावर सभा आहे आणि ऐन दुपारी गावातला एकुलता एक कर्णा चोरीला जातो. चोरलाय डॉक्टरांनी. पण माणूस वाईट नाही हो! कर्ण्याच्या आवाजात पेशंटच्या छातीची धडधड ऐकू येत नाही, म्हणून चोरला. ‘माझं एकही पात्र धड काळं नाही की पांढरं नाही,’ असं मी आईला अभिमानानं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, “मग वाचणाऱ्यानं शिव्या कुणाला द्यायच्या?”

पात्रं अर्थात चाळीतलीच होती. गाव पाहिलं नसलं तरी माणसं कुठून तरी आणावीच लागतात. सात नंबरच्या कंपाउंडरांना मी बढती देऊन डॉक्टर केलं होतं. दोन नंबरच्या काकूंची खाणावळवाली झाली, पंधरा नंबरच्या गाणाऱ्या मास्तरांचे भजनीबुवा झाले. चोवीस नंबरचे निवृत्त हेडक्लार्क माझ्या गावात मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. आणि एक शाळामास्तर होता : उंच, गोरा, धाडसी. तो मी. कृपया हसू नये.

आता खरी गोष्ट. चोवीस नंबरची धाकटी मुलगी मला आवडत होती. शिवाजी पार्कच्या सभेहून चाळीचा घोळका चालत परतला, तेव्हा अख्ख्या परळभर घोषणा तिनं दिल्या होत्या आणि ‘झालाच पाहिजे’ एवढंच मी म्हणत आलो होतो. तिथेच माझं ठरलं. आईनं शब्द टाकल्यावर तिचे वडील म्हणाले, “अंक माझ्याकडे येऊ दे. मुलाचं लेखन वाचतो, मग हो की नाही ते सांगतो.”

अंक निघाला. आणि माझ्या लक्षात न आलेली गोष्ट घडायला लागली. प्रत एकच, दौत प्रत्येक घरात.

काकूंनी समासात लिहिलं : ‘खाणावळवाल्या बाई त्या दुपारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. शिवाय त्यांच्या आमटीला कुणी नावं ठेवीत नसे.’ कंपाउंडरांनी तर निळ्या शाईनं अख्खा कबुलीजबाब खोडला आणि वर लिहिलं : ‘डॉक्टर व्हिजिटवर होते. पेशंट जिवंत आहे, विचारा.’ गाणाऱ्या मास्तरांनी एकच ओळ घातली : ‘बुवांना कर्ण्याची गरजच काय?’ प्रत्येक जण आपल्यावरचा संशय पुसून पुढच्या खोलीकडे ढकलत होता. तेवीस नंबरवाल्यांचं तर कादंबरीत पात्रच नव्हतं. पण त्यांनी सावधगिरी म्हणून ‘इतर सर्व ग्रामस्थ जत्रेस गेले होते’ असं लिहून टाकलं.

हे मला जिन्यात, अंकामागोमाग खोल्याखोल्यांत डोकावून आलेल्या कंपाउंडरांनीच सांगितलं. “काळजी करू नकोस रे, मी सुटलो!”

“मग चोर कोण?”

ते बोटं मोजू लागले. “काकू नाहीत, मी नाही, बुवा नाहीत… अरे बाप रे. तुझे सासरे!”

अंक त्याच दिवशी चोवीस नंबरला पोचला होता.

रविवारी बोलावणं आलं. हेडक्लार्क मला मी हाफ पँटीत असल्यापासून ‘अरे गाढवा’ म्हणत आले होते. त्या दिवशी म्हणाले, “या. बसा.” मी चपला हातात घेऊनच बसलो.

समोर अंक उघडा होता. कंपाउंडरांनी खोडलेल्या मजकुराखाली त्यांच्या ठाशीव, फायलीतल्या अक्षरात लिहिलं होतं : ‘सबब, कर्णा मी चोरला. तीस वर्षे कचेरीत माझे कुणी ऐकले नाही. एकदा मोठ्याने बोलून पाहावे, एवढाच हेतू होता.’

“काका, हे मी नाही लिहिलं,” मी म्हणालो.

“ठाऊक आहे. तुम्हाला जमलंही नसतं.” त्यांनी चष्मा पुसला. “या चाळीत माझ्यावर कधी कुणी संशयसुद्धा घेतला नव्हता. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मला एक सांगा. मुद्देमाल कुठाय?”

“अं?”

“कर्णा! साठ पानं झाली, तो सापडतच नाही. ज्याला एक कर्णा सांभाळता येत नाही, तो माझी मुलगी काय सांभाळणार?”

खरंच की! कर्णा कुठे ठेवला हे लिहायला मी विसरलो होतो. मी छताकडे पाहिलं. तिथेही तो नव्हता. आता ते ‘नाही’ म्हणणार, तेवढ्यात आतून कपबश्यांबरोबर आवाज आला, “बाबा, शेवटचं पान उलटा ना.”

त्यांनी उलटलं. हिरव्या शाईत, अजून पुरती न वाळलेली ओळ होती : ‘कर्णा शाळामास्तरांच्या ट्रंकेत निघाला. त्यांना सगळे ठाऊक होते. परंतु ते मुळात भित्रे असल्यामुळे घोषणा दुसऱ्यांनी दिल्यावरच तोंड उघडीत.’

“हिरवी शाई चाळीत एकाच दौतीत आहे,” ते सावकाश म्हणाले. “माझ्या.” मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. “म्हणजे चोरी माझी आणि माल तुझ्याकडे.”

“हो,” मी म्हणालो. त्या बैठकीतलं माझं तेवढंच धाडस.

“मग दोन्ही आरोपी एका घरातच असलेले बरे. बाहेर फुटायची भीती नाही. चहा घे, गाढवा.”

पुन्हा ‘गाढवा’ ऐकलं आणि मला रडूच आलं.

लग्नात कंपाउंडरांनी भाड्यानं कर्णा आणला होता. मंगलाष्टकांच्या वेळी गाणाऱ्या मास्तरांनी तो हातानं बाजूला सारला आणि तसाच सूर लावला. त्या आवाजातही अंतरपाटापलीकडून ती हसताना मला ऐकू आली, यावरून माझा कान किती तयार झाला होता ते बघा.