हाताच्या पैशाचं घर

शालनअक्का एरवी उजवा हात पदराखाली झाकून ठेवायची. भांडायची वेळ आली की तोच हात बाहेर काढायची. मनगटापासून पुढे नसलेला तो हात समोरच्याच्या तोंडापुढे आला की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. नळावर मी हे किती वेळा पाहिलं, त्याला गणती नाही. मी म्हणायचे, "अक्का, हे बरं दिसत नाही." ती म्हणायची, "झाकून कुणी दया केली का माज्यावर? मग दावूनच बगते की."

अक्का मूळची वळसंगची. लग्न होऊन सोलापुरात आली आणि टॉवेलच्या कारखान्यात कामाला लागली. तिथेच यंत्राच्या पट्ट्यात तिचा हात गेला. दोन-तीन वर्षं खेटे घातल्यावर भरपाई मिळाली, महिन्याची थोडी पेन्शनही सुरू झाली. त्या भरपाईतून आमच्या गल्लीत, माझ्या शिवणकामाच्या खोलीसमोरच, तिने दोन खोल्यांचं घर घेतलं. मूलबाळ नव्हतं. नवरा दत्तू रिक्षा चालवायचा, आणि त्याहून जास्त जीभ चालवायचा.

खरेदीच्या दिवशी जी चूक झाली, तिच्यात मीही आहे. अक्काला सही येत नव्हती. आमच्याकडे सगळ्यांचा पक्का समज, की पुरुषाचा डावा अंगठा आणि बाईचा उजवा. कचेरीच्या पायरीवर दत्तू म्हणाला, "हिचा उजवा अंगठाच न्हाय, मग कागद हिच्या नावावर हुनार कसा? माज्या नावावर करू, घर तर दोघांचंच हाय." गल्लीत बारावी शिकलेली मी एकटी. मीही मान डोलावली, आणि साक्षीदार म्हणून झोकात सही ठोकली.

चार वर्षांनी दत्तूला वैरागची एक मुलगी भेटली आणि त्याने फारकतीचा दावा लावला. घर आपल्या नावावर आहे, बायकोने ते सोडावं, असं त्याने त्यात लिहिलेलं. आम्ही वकीलबाईंकडे गेलो. अंगठ्याची गोष्ट ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. उजवा नसेल तर डावा चालतो, त्यात काय एवढं, म्हणाल्या. मला तोंड वर करवेना. तिसऱ्या दिवशी अक्का माझ्या मशीनपाशी येऊन बसली. "सुमे," ती म्हणाली, "हात यंत्रानं नेला, त्येला मी माफ केलं. अंगठा ह्यानं नेला. ह्येला माफी न्हाय."

दत्तूला खरं ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मी मात्र त्या दिवसापासून अक्काच्या बाजूने त्याच्यावर दात धरला. माझा राग दुप्पट होता, कारण त्यातला अर्धा माझ्यावरच होता.

कोर्टात समुपदेशक मॅडमनी दोघांना समोरासमोर बसवलं. मी दाराशी होते. घर तर हवंच, वर भरपाईतले उरलेले पैसे आणि पेन्शन यांतही अर्धा वाटा हवा, असं दत्तूचं म्हणणं. दवाखान्यात मी हिचं केलं, म्हणाला. तेव्हा अक्काने पदरातून हात काढून टेबलावर ठेवला.

"अर्धं देते की. पर पैसा हाताचा हाय, तवा हाताचं काम बी अर्धं-अर्धं. एक दिवस मी, एक दिवस ह्यो. सकाळी माज्या घरी यायचं, माजी येणी घालायची, कणीक मळायची, लुगडं पिळायचं. मरंपतोर. लिवा मॅडम."

मॅडमनी खरंच पेन उचललं. दत्तू म्हणाला, "मी बायकोची येणी घालू?" मॅडमनी विचारलं, "मग लिहू?" पैशाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

घर मात्र तो सोडेना. मग अक्काने तारखा चुकवायला सुरुवात केली. आज खोकला, उद्या कळ, परवा गावाकडे कुणीतरी वारलेलं. तिकडे वैरागच्या मुलीचे वडील लग्नासाठी दत्तूच्या मागे हात धुऊन लागले होते. वर्षभराने तोच गयावया करत आला. घर बक्षीसपत्राने अक्काच्या नावावर झालं, तिने डावा अंगठा उठवला, आणि मगच फारकतीला संमती दिली. परत येताना आम्ही दोन-दोन ग्लास उसाचा रस प्यायलो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

दोनेक वर्षांनी दत्तूची नवी बायको, रेखा, माझ्याकडे ब्लाऊज टाकायला आली. हातात काचेच्याच बांगड्या. माहेरचं सोनं दत्तूने रिक्षापायी मोडलं होतं. अक्का तिथेच बसली होती. तिने एवढंच विचारलं, "तुज्या नावावर काय हाय गं?" रेखा म्हणाली, "काय बी न्हाय."

पुढच्याच महिन्यात अक्काने मृत्युपत्र केलं. तिच्यामागे घर रेखाचं. मी भडकले. सवतीच्या घशात घर घालतेस, म्हणाले. अक्का शांतपणे म्हणाली, "तिचं चांगलं करायला देत न्हाय मी. आता ज्या दारातनं मला काडत हुता, त्या दारात त्यानं तिला इचारून यायचं. म्हून देते."

गेल्या वर्षी साखरेच्या दुखण्याने अक्का गेली. रेखा राहायला आली. तिच्यामागे आपली पेटी घेऊन दत्तू आला, आणि उंबऱ्याबाहेर थांबला. तिने "या" म्हणेपर्यंत बराच वेळ थांबला.

परवा महापालिकेचा माणूस घरपट्टीचं बिल घेऊन आला. दत्तू पायरीवर बसला होता. घर कुणाचं, असं त्या माणसाने विचारलं. दत्तू हळूच म्हणाला, "मालकीण आत हाय, बोलावतो."

मी शिलाई मशीन थांबवलं. "काय म्हणालात दत्तूभाऊ? इकडे ऐकू आलं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा सांगितलं.