अठरा दिवस ट्रेमध्ये

दर्यापूरच्या एकाच शाळेतून मी आणि माझा वर्गमित्र बारावी झालो आणि सैन्यातल्या अधिकारपदाच्या निवडीला एकत्रच गेलो. मुलाखती दोघांच्या चांगल्या झाल्या. वैद्यकीय तपासणीत माझा डावा डोळा निकषात बसला नाही. वर्गमित्र पास झाला. परतताना अकोला स्टेशनवर त्याचे वडील घ्यायला आले होते. त्यांनी दोघांनाही चहा पाजला आणि दर्यापूरच्या बसमध्ये मला खिडकीची जागा दिली. मुलगा पास झालेल्या बापाला एवढा मोठेपणा परवडतो, असे मला तेव्हा वाटले होते. नंतरही वाटत राहिले.

तो कर्नल होऊन निवृत्त झाला आणि अमरावतीत घर बांधून राहू लागला. फाटकावरच्या पाटीवर नावाआधी हुद्दा होता. मी त्याच शहरातल्या एका दैनिकात होतो. तीस वर्षे दुसऱ्यांची वाक्ये नीट केली, मथळे दिले, पाने लावली. अलीकडे लेखांचे पान माझ्याकडे होते. माझे नाव कधी छापले गेले नव्हते. डेस्कवरच्या माणसाचे छापत नाहीत.

निवृत्त अधिकाऱ्यांच्या एका गटाने संरक्षणाचा कारभार पाहणाऱ्या मुलकी नेतृत्वावर जाहीर टीका केली, तेव्हा त्यात तो होता. प्रत्यक्ष आघाडीवर राहिलेल्यांचे म्हणणे कोणी विचारत नाही, भाषणात मात्र त्यांचा पराक्रम वापरला जातो, एवढा त्यांचा मुद्दा. एका हिंदी वाहिनीवर त्याने तो शांतपणे मांडला. त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा लोकांच्या फोनवर फिरू लागला. त्या तुकड्यात फक्त आरोप होता, कारणे नव्हती.

वर्दीचा हेवा मला जुना होता, त्याची सवय झाली होती. हा नवा होता. सत्तेवर नेमके बोलायचे कसे, हे मी तीस वर्षे शिकत होतो. बोलला तो, आणि लोकांनी ऐकलेही.

एका दुपारी तो कार्यालयात आला. हातात फुलस्केपची आठ पाने होती.

"बाबानं स्टँडवरच्या हॉटेलात जाणं सोडून देल्लं," तो म्हणाला. वडील अजून दर्यापूरजवळच्या गावीच राहत. रोज सकाळी बसस्टँडवरच्या हॉटेलात चहा आणि पेपर, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. "कोणं तरी म्हटलं त्याईले, तुमचं पोट्टं देशाच्या विरोधात बोलून राह्यलं. तोंडावर म्हटलं."

"मग तू जाऊन सांग."

"मी सांगून काय होते? पोरगा सांगनच. त्या हॉटेलात तुमचाच पेपर येते. पूर्ण लेख छाप. लोकं वाचतीन, बाबाबी बसतीन तिथं."

तो गेल्यावर मी लेख वाचला. हातात लाल पेन होता. आठ पानांत एका वाक्यालाही हात लावावा लागला नाही. आघाडीवरून वर पाठवलेल्या पत्रांविषयी एका ठिकाणी त्याने लिहिले होते, 'नकार द्यायचा तर कोणाला तरी सही करावी लागते. उत्तरच दिले नाही, तर कोणाचीच सही लागत नाही.' मी ते दोनदा वाचले. असे वाक्य मला लिहिता आले असते, असे आधी वाटले. मग आले नसते, असे वाटले.

आमच्याकडे एक नियम होता. ज्याच्यावर आरोप आहे, त्याचे म्हणणे घेतल्याशिवाय बातमी जाणार नाही. मी दिल्लीला संरक्षण मंत्रालयाकडे ई-मेल पाठवून लेखातल्या मुद्द्यांवर म्हणणे विचारले आणि पाने माझ्या ट्रेमध्ये ठेवली. एका जिल्हा दैनिकाच्या अशा ई-मेलला उत्तर येत नसते, हे मला माहीत होते.

डेस्कवर अकोल्याची एक सहकारी होती. चौथ्या दिवशी तिने ट्रेकडे पाहून विचारले, "सर, हा लेख आहे ना? लेखाखाली तर 'मते लेखकाची' छापतो आपण. दुसरी बाजू कधीपासून घ्यायला लागलो?"

"विषय नाजूक आहे."

"मग संपादकांना दाखवू का?"

"राहू दे. माझ्याकडे आहे ते."

पुढचे दोन दिवस तिने मला चहाला हाक मारली नाही.

बाराव्या दिवशी त्याने मला चहाला बोलावले. आम्ही टपरीवर उभे होतो, तेवढ्यात एक अनोळखी माणूस स्कूटर लावून आला आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "बरं बोलले साहेब तुमी. कोणं तरी बोलाले पाह्यजे."

त्याने माझी ओळख करून दिली. "हा माह्या वर्गातला. पेपरात आहे."

"हो काय," तो माणूस म्हणाला आणि पुन्हा त्याच्याकडे वळला.

त्या संध्याकाळी मी पाने ट्रेमध्ये आणखी खाली सरकवली.

अठराव्या दिवशी तो पुन्हा आला. चिडलेला नव्हता. चिडला असता तर मला सोपे गेले असते.

"दिल्लीवरून उत्तर आलं?"

"नाही."

"येत नसते. पण तू इचारलं, हे चांगलं केलं. लोकं इचारतबी नाहीत." तो खुर्चीवर बसला. "बाबा आता पेपर घरी मागवते. रोज सगळी पानं उलटून पाहते अन् घडी घालून ठेवते. काही म्हणत नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "खरं सांग. वरून दाब आहे काय? असंल तर तसं सांग. मी बाबाले सांगतो का लेख अडवला म्हणून. त्याईले तेबी चालन."

मला फक्त मान हलवायची होती. तेवढ्याने मी सुटलो असतो. पण मग तो गावात लेख अडवला गेलेला माणूस ठरला असता, आणखी मोठा झाला असता. मी खरे बोललो, त्यात या विचाराचाही वाटा होता.

"दाब नाही. मी थांबवला."

"काहून?"

"तुझा होता म्हणून."

"कवापासून हे?"

"अकोल्याहून बसनं आलो तेव्हापासून."

"लेका," तो म्हणाला, "खिडकी तर तुलेच देल्ली होती बाबानं."

समोरच्या टेबलावर सहकारी मान खाली घालून मजकूर तपासत होती. तिने सगळे ऐकले होते.

लेख दुसऱ्या दिवशी पूर्ण छापला. 'मते लेखकाची' या ओळीखाली मी आणखी एक ओळ घातली, 'हा लेख अठरा दिवस आमच्याकडे पडून होता. विलंबाची जबाबदारी या पानाच्या संपादकाची.' खाली माझे नाव दिले. ते पहिल्यांदाच छापले गेले.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला. वडील सकाळी हॉटेलात गेले होते. ज्याने तोंडावर बोलून दाखवले होते, त्यालाच त्यांनी लेख मोठ्याने वाचायला लावला. त्याने माझ्या नावाची शेवटची ओळ सोडली, तेव्हा वडील म्हणाले, "तेबी वाच. थो पोट्टाबी आपलाच आहे."

पुढच्या आठवड्यात वाचकांची पत्रे आली. बहुतेक त्याचे अभिनंदन करणारी होती. माझ्या ओळीविषयी कोणी काही लिहिले नव्हते. पत्रांचे पान माझ्याकडेच असल्यामुळे ती मी तपासली, लांबलेली थोडी कापली आणि त्याच दिवशी छापायला दिली.