बोटीखालचं लिंबू

आमचे व्यंकटेशअण्णा कानडी मुलखात, यशवंतपुरात पंपाच्या मोटारी दुरुस्त करतात. समुद्र त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलेला, आणि काढला काय, तर मोटरबोट क्लब. सभासद एकटे तेच. बाकीचे म्हणाले, "अण्णा, आधी बोट चालू दे, मग बघू."

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, अण्णांनी आपली नवी बोट शहराबाहेरच्या तळ्यावर नेली. झाडून सगळी गल्ली हजर. फुकटची करमणूक कोण सोडतो? झेंडूची माळ घातली, कोहळा फोडला. तेवढ्यात बायकोनं, कस्तुरीअक्कांनी, वाट अडवली.

"चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय नवी गाडी हलवायची नाही."

"अगं, हिला चाकं कुठायत?"

"ते तुम्ही बघा. तोवर कुणी बसायचं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. क्लब काठावरच बुडतो की काय, असं झालं.

अण्णांनी स्वल्प विचार केला. लिंबू काठीला टोचून बोटीच्या पंख्याशी धरलं आणि मोटर सुरू केली. लिंबाचा चोथा पाण्यासकट उडाला तो थेट अक्कांच्या नव्या इरकलीवर.

"सरी, झालं एकदाचं," अक्का तोंड पुसत म्हणाल्या, आणि चढून सुकाणूपाशीच बसल्या.

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या निम्म्या बायका सभासद झाल्या होत्या. अण्णा आज क्लबचे अध्यक्ष आहेत. बोटी बायका चालवतात. नव्या बोटीला लिंबू मात्र अण्णांनीच धरायचं.