पडद्यामागची बोटं

जुनं वीजबिल शोधताना परवा खणात पिवळ्या वायरीचा हेडफोन सापडला आणि शाळा घरातूनच चालायची ते वर्ष आठवलं. मुलगी पाचवीत होती आणि अपूर्णांकांना इतकी घाबरायची की गणिताचा तास आला की तिचं पोट दुखायचं. तासाच्या शेवटी मिस लॅपटॉपवर दहा प्रश्नांची चाचणी घ्यायच्या. मुलगी प्रश्न पुटपुटत वाचायची आणि चार पर्यायांपैकी बरोबर कितवा, ते मी त्याच्या पडद्यामागे उभा राहून बोटांनी दाखवायचो. दुपारच्या पाळीला पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मापं तपासणारा मी, तिथे केसभर चुकलेला भागही परत पाठवायचो. घरी मात्र हे चालायचं. आठवडाभर दहापैकी दहा मिळाले. शनिवारी मिसचा फोन आला, नेहमीच्या कानडी वळणाच्या मराठीत. "अण्णा, स्वल्प बोलायचं होतं. प्रश्न सोपा असो की अवघड, तिला प्रत्येक वेळी बाराच सेकंद लागतात. मुलांचं असं नसतं. तुमचं गणित चांगलं आहे, पण मला तुम्हाला शिकवायचं नाही." मी ओशाळून म्हणालो, "चुकली की रडते हो ती." "चुकू द्या. कुठे अडते ते दिसलंच नाही, तर मी शिकवू काय?" सोमवारी मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. दहापैकी तीन आले. मुलगी रडवेली झाली, तेवढ्यात मिस म्हणाल्या, "शाब्बास. पाचव्या प्रश्नावर तू चाळीस सेकंद विचार केलास. आज तिथूनच सुरू करू." आकडे तपासण्यात माझी निम्मी हयात गेली, पण चुकलेल्या उत्तरामागचे सेकंद मोजून शाबासकी देणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.