चहाडखोर भोक

मास्तरांनी कुठल्या शाळेत शिकवलं होतं असं मुळीच नाही. पण गावातले निम्मे मोटारसायकल मेकॅनिक त्यांच्या हाताखालून गेले, शिव्या खाऊन शहाणे झाले आणि स्वतःची गॅरेजं टाकून मास्तरांचीच गिऱ्हाइकं पळवू लागले. तेव्हापासून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. आता वय चौसष्ट. एक्केचाळीस वर्षं सिमेंटच्या फरशीवर उकिडवं बसून गुडघ्यांची पार वाट लागलेली. खाली बसायचं म्हणजे आधी एक हात स्टुलावर, मग एक सुस्कारा, मग एक अपशब्द, आणि मग बाकीचे मास्तर. उठताना हेच सगळं उलट क्रमाने.

गॅरेज आता तसं दोघांचं होतं, मास्तरांचं आणि त्यांच्या मुलीचं. लेक तेहतीस वर्षांची, कमी बोलणारी, हाताला पक्की. पाटीवर नाव मात्र अजून एकट्या मास्तरांचंच होतं. तिने ते बदला म्हटलं नाही आणि मास्तरांना ते सुचलं नाही.

त्या दुपारी गुरांचा डॉक्टर गाडी ढकलत आला. शर्ट घामाने भिजलेला, बॅग खांद्यावर.

"मास्तर, कूलंट गायब होतंय," तो म्हणाला. "चार दिवसांनी टाकी भरतो, चार दिवसांनी रिकामी. खाली थेंब म्हणून नाही. आज तर गाडी तापून बंदच पडली. माझे पेशंट कुठे दुखतं ते सांगत नाहीत, तुमचेही तसलेच."

"सांगतात हो," मास्तर म्हणाले. "ऐकणारा पाहिजे."

ही त्यांची जुनी ऐट. गळती शोधावी तर मास्तरांनीच, असं अजूनही म्हणत लोक. त्यांची पद्धतही ठरलेली. आधी गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची, घाईने रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, नाहीतर तोंड भाजून घ्याल. मग गाडी कोरडी पुसायची, खाली स्वच्छ पुठ्ठा अंथरायचा. मग वरून खाली यायचं: झाकणाचं रबर, नळ्या, नळ्यांच्या क्लिपा, रेडिएटरच्या जाळीत कुठे वाळलेला हिरवा पापुद्रा. आणि सगळ्यात शेवटी पाण्याच्या पंपाखालचं ते बारीक भोक.

या भोकाला मास्तर चहाडखोर भोक म्हणत. पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात, एक कूलंट अडवणारं, एक इंजिनातलं ऑइल अडवणारं, आणि दोघांच्या मधून हे भोक खाली उघडतं. कूलंटचं सील गेलं की इथून थेंब पडतो. म्हणजे सील बदला, एवढंच ते सांगत असतं. "ते रडलं तर त्याचं तोंड दाबू नका," मास्तर प्रत्येक नव्या माणसाला सांगत. "तोंड दाबलंत तर कूलंट बाहेर न येता ऑइलमध्ये घुसेल, आणि मग इंजिन बसलंच." एका पोराला त्यांनी केवळ ते भोक बुजवलं म्हणून कामावरून काढलं होतं. तो किस्सा ते अजून सांगत.

लेकीने ऑइलची काडी ओढून पाहिली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. ती टॉर्च घेऊन गाडीखाली वाकली, पंपापाशी बराच वेळ बघत राहिली आणि उठून हात पुसत म्हणाली, "बाबा, हे मी उद्या सावकाश उघडते. तुम्ही जरा आडवे व्हा."

"का? मी काय आजारी आहे?"

"तसं नाही. गुडघा दुखतोय ना."

"गुडघा माझा आहे. आण टॉर्च."

स्टूल, सुस्कारा, अपशब्द, आणि मास्तर खाली बसले. पंपाखाली जिथे भोक असायला हवं तिथे राखाडी पुट्टीचा कडक गोळा बसवलेला होता. मास्तरांच्या कपाळाची शीर ताठली. शेजारीच ऑइल काढायच्या बोल्टवर पिवळ्या रंगाची छोटी, सरळ रेघ होती.

या रेघेचीही त्यांच्याकडे पद्धत होती. ज्याने बोल्ट आवळला त्याने त्यावर रंगाची खूण करायची, म्हणजे आवळायचा राहिला असं होत नाही, आणि कोणी आवळला तेही कळतं. मास्तरांची खूण पांढरी, लेकीची पिवळी. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टर सकाळी गाडी टाकून गेला होता आणि संध्याकाळी घेऊन गेला होता. पिवळी रेघ तेव्हाची. मास्तरांना आणखी पुरावा नको होता.

"हे कोणी बुजवलं?" ते ओरडले. डॉक्टर दचकला. "एक्केचाळीस वर्षं बोंबलतोय मी, याचं तोंड दाबू नका, दाबू नका! घरचीच माणसं असं करणार असतील तर दुकानाला टाळं लावलेलं बरं!"

लेक फळीवरचा पाना नीट ठेवत होती. तो आधीच नीट होता.

"मीच बुजवलं," ती म्हणाली. "घाई होती."

"घाई!" मास्तर म्हणाले. डॉक्टर तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत जे होतं ते काही चांगलं नव्हतं. खेड्यापाड्यातून फिरणारा माणूस तो. त्याच्या तोंडून चार गावांत बातमी जाणार, की मास्तरांकडे जा, पण पोरीच्या हातात गाडी देऊ नका.

पुटपुटतच मास्तरांनी स्क्रूड्रायव्हरने पुट्टी खरवडायला घेतली. टॉर्च जवळ नेली. गोळ्यावर अंगठा दाबल्याचा ठसा होता, बोटाच्या रेघा स्पष्ट उमटलेल्या. आणि ठशाच्या मधून तिरका गेलेला एक व्रण.

मास्तरांनी आपला उजवा अंगठा पाहिला. वीस वर्षांपूर्वी चेनमध्ये सापडला होता. व्रण तिरका.

मग हळूहळू त्यांना ती दुपार आठवली. लेक सामान आणायला गेली होती. पंपाखाली थेंब दिसला. सील ड्रॉवरमध्येच होतं, हात लांबवला असता तर मिळालं असतं. पण त्यासाठी पुन्हा खाली बसायचं, कव्हर उघडायचं, तासभर तसंच अवघडायचं. त्या दिवशी अंगात त्राणच नव्हतं. पुढच्या आठवड्यात बघू, तोवर एवढं लावून ठेवू, असं म्हणून त्यांनी पुट्टी मळली होती. लेकीला सांगू म्हणाले, आणि विसरून गेले. साफ विसरले. बुजवण्यापेक्षा त्या विसरण्याचीच त्यांना भीती वाटली.

गप्प बसणं सोपं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरला काही कळलं नव्हतं, आणि लेक काही बोलणार नव्हती. तिने तो ठसा त्यांच्या आधी पाहिला होता, हे आता त्यांना लख्ख कळलं. उद्या बघते, आडवे व्हा, ते सगळं त्यासाठीच. मास्तरांकडे एक्केचाळीस वर्षांचं नाव होतं. त्यातून थोडं गेलं असतं तरी चाललं असतं. हिच्याकडे अजून होतंच किती?

"डॉक्टर," ते खालूनच म्हणाले. "हे मी केलंय. तिने नाही. हा माझा अंगठा आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी."

"बाबा..."

"गप बस तू."

डॉक्टरने पुट्टीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग घड्याळाकडे. "कोणी का केलं असेना," तो म्हणाला. "गाडी कधी देता? तिकडे एक म्हैस अडलीय."

लेकीने त्याला स्वतःच्या गाडीची किल्ली दिली आणि तो गेला. मास्तरांना वाटलं होतं, एवढं कबूल केल्यावर आभाळ कोसळेल. कुठलं काय. म्हशीपुढे मास्तर कोण?

मग दोघांनी काम काढलं. खराब ऑइल सोडलं, नवं घालून इंजिन थोडं फिरवलं, तेही सोडलं. लेकीने पंप उघडून दोन्ही सीलं बदलली. तिने नको म्हटलं तरी कव्हरचे चार बोल्ट मास्तरांनी हट्टाने स्वतः आवळले, एकेक करून, समोरासमोरचे आधी, शिकवतात तसे. मग खूण करायला पांढरी बाटली घेतली. हलवली. रिकामी.

ही बाटली गेल्या महिन्यातच उघडली होती. आणि त्यांच्या हातून आताशा दिवसाला एखाददुसरी गाडी व्हायची. त्यांनी लेकीची पिवळी बाटली उचलली. जुनी असून अर्धी भरलेली.

भिंतीशी एक गाडी उभी होती. तिचे ब्रेक काल त्यांनीच केले होते. मास्तर लंगडत तिच्यापाशी गेले, टॉर्चचा उजेड टाकला. ब्रेकच्या बोल्टवर पांढरी खूण होती. दोन खुणा होत्या. खालची वाकडी, थरथरत्या हाताची. तिच्यावर दुसरी, छोटी, सरळ.

"कधीपासून?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

लेकीने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "वर्ष झालं."

"रोज?"

"तुम्ही जेवायला गेलात की."

"ब्रेकचेसुद्धा?"

"ब्रेकचे आधी."

मास्तर स्टुलावर बसले. राग यायला हवा होता, पण तेवढी ताकद कुठून आणायची. लाज वाटली, खूप वाटली, आणि तिच्याखाली कुठेतरी, कितीतरी दिवसांनी, पाठ टेकायला जागा मिळाल्यासारखंही वाटलं. वर्षभर ते जेवून पडायचे, आणि ही पोर त्यांच्या नावाचे बोल्ट आवळत बसायची, त्यांच्याच रंगाने.

त्यांनी पाना तिच्यासमोर धरला.

"डॉक्टरच्या पंपाचे चार बोल्ट मी आवळलेत," ते म्हणाले. "पुन्हा आवळ. माझ्यादेखत. आणि पिवळा लाव."

तिने पाना घेतला आणि खाली बसली. तिसरा बोल्ट थोडा फिरला. दोघांनाही तो फिरताना दिसला. तिने चारही बोल्टांवर पिवळ्या रेघा ओढल्या, बाटलीचं झाकण लावलं आणि सवयीने म्हणाली, "उद्या सामान आणायला जाईन तेव्हा तुमची पांढरी घेऊन येते."

"नको," मास्तर म्हणाले. "पांढरी आता आणू नकोस."