पायरीपर्यंतचा फॉरवर्ड

पायरीपर्यंत मी खांद्यावर होतो. पायरीपाशी मला खाली उतरवलं.

अंगभर गुलाल, हातात कप. फुटबॉलच्या फायनलचे दोन्ही गोल माझे. आमच्याकडं पेठेची टीम तालमीचीच असते. पेठेची रीत अशी, की फायनल जिंकली की गोल मारणाऱ्यानं कप तालमीत न्यायचा, मारुतीपुढं ठेवायचा, मग सगळ्या टीमनं जेवायला बसायचं. स्टेडियमपासून पोरांनी माझा पाय जमिनीला लागू दिला नव्हता. मी पुढं झालो. दारात तालमीचे सेक्रेटरी उभे होते. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणायचो. त्यांनी हसत माझ्या हातातला कप घेतला आणि आपल्या पुतण्याकडं दिला. पुतण्या अख्खी मॅच बाकावर बसून होता.

"तू हितंच थांब," दादा म्हणाले. "ताट भाईर येतंय तुझं."

मला आधी कळलंच नाही. म्हणालो, "दादा, गोल मी मारलेत की."

"व्हय की. न्हाय कोण म्हणतंय? पर देवाजवळ तुमच्यातलं कोण येत न्हाय. वाईट वाटून घेऊ नको."

आवाज गोड होता. त्या गोडपणाची मला आजही शिसारी येते.

दोन सीझन मी या पेठेकडून खेळत होतो. सराव मैदानावर, जर्सी मैदानावर, चहा टपरीवर. तालमीत जायची वेळच आली नव्हती. येऊ दिली नव्हती, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

दार उघडंच होतं. मारुतीशेजारी भिंतीवर हार घातलेला एक फोटो होता. दक्षिण अमेरिकेतला काळा फॉरवर्ड, माझ्या आज्याच्या काळातला. आमचे म्हातारे कोच सराव संपला की त्याच्याच गोष्टी सांगायचे. आई लोकांची धुणी धुवायची. चिंध्यांच्या बॉलवर शिकला. गोऱ्यांच्या क्लबात त्याला मागच्या दारानं घ्यायचे, गोल मारला की रस्त्यानं मिरवायचे. पाय थकले तशी हाक बंद झाली. भाड्याच्या खोलीत एकटाच मेला. हे सांगताना कोच डोळे पुसायचे. पेठ मला त्याच्याच नावानं हाक मारायची. रंग तसा, डावा पाय तसा. मला केवढा अभिमान! फोटो तालमीत आहे एवढं ऐकून होतो. पाहिला त्या दिवशी, बाहेरून.

साता समुद्रापलीकडचा काळा माणूस मारुतीशेजारी चालतो. शेजारच्या कळंब्यातला मी चालत नाही. मेलेल्याला आणि लांबच्याला जात नसते.

कोच आतच होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग वाढप्याकडं बघितलं. बाकीची टीम माना खाली घालून पंगतीला बसली.

ताट आलं. मटण, तांबडा, पांढरा. कुणीतरी पायरीवर ठेवून गेलं. भूक लागली होती, खोटं कशाला बोलू. हात पुढं गेला नाही. जर्सी काढली, घडी घातली, ताटाशेजारी ठेवली आणि उघडाच कळंब्याला चालत निघालो. गुलाल बघून वाटेत लोक हात मिळवत होते.

आई म्हणाली, आपल्याला हे काय नवीन आहे का, खेळ सोडू नको. तिचं खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

पुढच्या सीझनला दादा आमच्या दारात आले. आत या म्हटलं तर घाई आहे म्हणाले, गाडीवरून उतरलेही नाहीत. झालं गेलं सोड, टीमला तुझी गरज आहे, असं बरंच बोलले.

मी एवढंच विचारलं, "कप घेऊन आत येऊ का?"

दादांनी गाडीला किक मारली.

मग मी माजलोय अशी आवई उठली. दुसऱ्या तालमींनीही घेतलं नाही. संपलं. आता राजारामपुरीत पार्सलं पोचवतो. सीझनमध्ये स्टेडियमवरून गेलो की आतली आरोळी ऐकू येते, डावा पाय आपोआप हलतो. वेडा आहे तो. त्याला काही कळत नाही. काही बदलेल असं मला वाटत नाही. पुतण्या आता सेक्रेटरी आहे.

पण ही पेठ मी ओळखून आहे. मी मेल्यावर माझ्या गोलांच्या आठवणी काढतील, डोळे पुसतील आणि भिंतीवर लावायला फोटो मागायला येतील. घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. त्यांना दारातच थांबवायचं. फोटो द्यायचा नाही.