तापीचं पहिलं खरबूज

तेव्हा मी बुऱ्हाणपुरात गोऱ्या साहेबाच्या कचेरीत कारकून होतो. रोज सकाळी घाटावरून जाताना तापीच्या वाळूत खरबुजांचे वेल लावणारा एक माणूस दिसे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो गुडघ्यांवर बसून वाळूत खड्डे करी, त्यांत शेणखत घाली, आणि त्याची बायको नदीतून मडक्यानं पाणी आणून ओती. फळ तोडण्याआधी तो टिचकी मारून कान लावी. हंगामाचं पहिलं खरबूज मात्र विकायचं नाही, नदीत सोडायचं, हा त्याचा नेम.

एका पावसाळ्यात मोठा पूर येऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यात तो वाळूत एकटाच दिसला. पहिलं खरबूज त्यानं टिचकी न मारताच तोडलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"अरे, हे तर तापीचं," मी म्हणालो.

"यंदा तिला काही द्यायचं नाही, बाबूजी," तो नदीकडे न बघता म्हणाला. "पुरात माझी घरवाली नेली तिनं."

त्यानं मडकं उचललं आणि वेलांना पाणी आणायला तो त्याच नदीत उतरला.